कमरेत उसवलेला ड्रेस

त्या दिवशी माझ्या डोक्यात सोनोग्राफीपेक्षा एका कोटाचं अस्तर जास्त होतं. गिऱ्हाईक संध्याकाळी कोट न्यायला येणार होतं आणि अस्तर अर्धंच लावून झालं होतं. मी नवीन काही शिवत नाही, जुने कपडे दुरुस्त करते. कोणाचं घट्ट झालेलं सैल करायचं, कोणाचं लांब आखूड करायचं, आणि कोण सुटलं, कोण वाळलं, हे तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही, एवढाच माझा धंदा. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरा मला पाठ आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण कपडा बघण्यात मी चुकत नाही. बाकी कशातही चुकेन.

मला सातवा आठवडा चालू होता. आधीचं एक असंच सुरुवातीला गेलं होतं. मग बरेच दिवस काही राहिलंच नाही, शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि या खेपेला राहिलं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना कळलं होतं, पण त्यांना सांगावं लागत नाही, त्या चहाच्या कपाकडे बघून ओळखतात. नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, तो गाडीवर होता. दोन दिवस थोडे डाग दिसत होते आणि ओटीपोटात डावीकडे मधूनच सुई टोचल्यासारखं होत होतं. हे बाळ हवं होतं मला. इतकं हवं होतं, की त्याबद्दल मोठ्याने बोलायचीही भीती वाटत होती.

"मी येते बरोबर," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा गुडघा आधीच रुसलाय. तिथे बसायला लाकडी बाकं आहेत. मी जाऊन येते, आई."

"मग आल्यावर तोंड पाडून बसू नकोस. काय असेल ते सरळ सांग."

दवाखान्याच्या तळमजल्यावर एका लांब पॅसेजच्या टोकाला ती खोली होती. बाहेर बाकं, भिंतीशी पाण्याचं पिंप. पोट फुगेपर्यंत पाणी प्यायचं आणि नंबर येईपर्यंत अडवून धरायचं, असा तिथला नियम. त्यामुळे बाहेर बसलेली प्रत्येक बाई पाय घट्ट जुळवून, चेहरा शहाण्यासारखा करून बसलेली असे. हसू आलं तरी हसायची चोरी.

आत मशीनवर ज्या बाई होत्या त्यांना आम्ही सगळ्या गुणगुणबाई म्हणायचो. त्या काम करताना गुणगुणायच्या, कुठलं गाणं असं नाही, नुसता सूर. तो दारातून बाहेर ऐकू यायचा. सूर चालू आहे तोवर आतल्या बाईचं ठीक चाललंय, असं बाहेरच्यांनी ठरवून टाकलं होतं. मध्येच सूर थांबला, की बाकावरच्या सगळ्याजणी जमिनीकडे बघायला लागायच्या. आधीच्या खेपेला मी आत असताना तो थांबला होता, म्हणून मला ठाऊक.

खिडकीजवळच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. मला आधी तिचा ड्रेस दिसला. गडद निळा, सुती, गळ्याला गोल पांढरी कॉलर. अशी कॉलर माझ्या आईच्या तरुणपणी शिवायचे. ड्रेस कमरेत दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला होता आणि आत दुमडून ठेवलेलं मार्जिनचं कापड बाहेर काढलं होतं. जुन्या शिलाईची भोकं स्पष्ट दिसत होती आणि तिथलं कापड बाकीच्यापेक्षा गडद होतं. काम घाईचं होतं, टाके हातचे. पोट तर अजून अजिबात दिसत नव्हतं. आधीच तयारी करून ठेवली होती बिचारीने.

तिच्या अंगाला एक वास येत होता. ओलं सुती कापड गरम इस्त्रीखाली घेतलं की येतो तसा. मला तो घरचाच वाटला, म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"किती वेळ बसलाय?" मी विचारलं.

"झाला बराच," ती म्हणाली. आवाज इतका हळू, की मला वाकावं लागलं. "तुलाही एका बाजूला टोचतं ना?"

मी बहुतेक हात त्या बाजूला धरला असणार. "थोडं. तुम्हाला?"

"मला दुखलं होतं. मग आत घेतलं त्यांनी. ठोका दिसला. सगळं छान आहे म्हणाल्या… घरी जा म्हणाल्या."

"मग बरंच की."

"हो. घरी गेले." ती डावा खांदा चोळत होती. सावकाश, एकाच जागी. "खांदा दुखतो का गं तुझा?"

मला हसूच आलं. "शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हे विचारताय? खांदा दुखला नाही तर मला चुकल्यासारखं होतं."

ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी उठले. सगळं छान आहे म्हणून घरी पाठवलेली बाई पुन्हा इथे कशाला येऊन बसली, हे तिला विचारायचं राहूनच गेलं.

ती खोली म्हणजे भर दुपारची रात्र. खिडकीला काळा पडदा, उजेड फक्त मशीनचा, तोही गुणगुणबाईंच्या चेहऱ्यावर. मी आडवी झाले, पोटावर गार जेल पडलं, आणि सूर सुरू झाला.

त्यांची एक पद्धत होती. पडदा आधी स्वतःकडे वळवून ठेवायचा. पोटातल्या बाळाचा ठोका सापडला, की मगच तो बाईकडे फिरवायचा. का ते उघड आहे. न सापडलेलं कोणी आधी बघू नये. त्यामुळे पडदा फिरणं म्हणजेच निकाल. पडदा फिरला की काम संपलं, खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडायचा, जेल पुसायचं, पुढचीला बोलवायचं.

सूर चालू होता. माझा जीव टांगणीला लागला होता. आणि मग पडदा फिरला.

"हे बघा," गुणगुणबाई म्हणाल्या. "दिसलं का?"

काळ्या गोलात एक पांढरट दाणा, आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. एवढंसं. पण थांबत नव्हतं. मला रडू फुटलं. रडताना कोणीतरी मागून माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. नर्स असेल असं वाटलं. हात गार होता आणि जड होता, आणि त्या जेलच्या, औषधांच्या वासात मला पुन्हा तो ओल्या कापडाचा वास आला. मी मान वळवली नाही. त्या दाण्यावरून मला नजर काढायची नव्हती.

"सगळं छान आहे," गुणगुणबाई पुसायला कागद देत म्हणाल्या. "डाग कधी कधी दिसतात. विश्रांती घ्या. घरी जा."

बाहेर आले तेव्हा खिडकीजवळचा बाक रिकामा होता. गेली असेल, म्हटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला कशाचीच पडली नव्हती. मी पॅसेजमधून चालत नव्हते, तरंगत होते.

सासूबाईंनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बस. पाय वर घे. कोटवाल्याला मी सांगते, तुझा कोट तुझ्यापेक्षा महत्त्वाचा नाही म्हणून."

दोन-तीन दिवस मी खरंच पडून राहिले. मग मात्र चैन पडेना आणि खाली दुकानात जाऊन बसले. दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराला घंटी, आत मशीन, इस्त्रीचं टेबल, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक कधीच बसत नाही, कारण त्यावर दुरुस्तीच्या कपड्यांचं गाठोडं असतं. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, म्हणून दुपारीच मी मशीनवरचा दिवा लावला.

पोटातलं टोचणं कमी झालं होतं, पण अंगात कसर वाटत होती. एकदा उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. जेवण कमी पडलं असेल, म्हटलं. खांदाही भरून आला होता. तो तर ठरलेलाच. मी एका हाताने तो दाबत, दुसऱ्या हाताने कापड सरकवत बसले. मध्ये सासूबाई मलम घेऊन उतरल्या.

"किती वेळा सांगितलं, मशीनवर ओणवी बसू नकोस."

"तुमच्या मुलाला सांगा, मला उंच खुर्ची आणून दे म्हणून."

"त्याला सांगितलं तर तो बसची सीट काढून आणेल." त्यांनी खांद्याला मलम चोळलं, मला दोन शब्द सुनावले आणि वर गेल्या.

मलमाने काही फरक पडला नाही. दुखणं वर वर नव्हतंच, आत कुठेतरी होतं, हाताला सापडत नव्हतं. मी पुन्हा पायडलवर पाय ठेवला. मशीनची घरघर सुरू झाली. आणि मला तो वास आला.

इस्त्री बंद होती. मी सकाळपासून ती लावलीच नव्हती.

माझा पाय आपोआप थांबला. मशीन थांबलं. दाराची घंटी वाजली नव्हती, एवढं मला पक्कं आठवतं. दिव्याचा उजेड फक्त सुईवर आणि माझ्या बोटांवर होता, मागची सगळी खोली करडी झाली होती. मागे कोणीतरी बसलं होतं. बसलेल्या माणसाच्या कपड्यांचा आवाज मला कळतो. सुती कापड मांडीवर सारखं करतात ना, तसा आवाज.

"खांदा दुखतो का?"

तोच आवाज, तितकाच हळू. आश्चर्य म्हणजे मला किंचाळावंसं वाटलं नाही. तिच्या आवाजात घाबरवण्याचं काही नव्हतं. दमलेल्या माणसाने शेवटचं एकदा विचारावं, तसं ती विचारत होती.

"रोजचाच आहे," मी म्हणाले. मागे बघायची हिंमत मात्र झाली नाही.

"कुठला?…"

मी उजवा म्हणणार, तेवढ्यात माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं.

माझा मशीनचा खांदा उजवा. इतकी वर्षं दुखतो तो उजवाच, कारण मी त्याच बाजूला रेलून कापड सरकवते. त्या बाजूचे माझे सगळे कपडे खांद्यावर झिजलेले असतात. आणि आज मी सकाळपासून डावा चोळत होते. मलमही सासूबाईंकडून डाव्यालाच लावून घेतलं होतं. दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईचा खांदा दुखणारच, असं धरून चाललो होतो.

"डावा," मी म्हणाले.

थोड्या वेळाने मी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पण स्टूल भिंतीपासून पुढे, थेट माझ्या खुर्चीमागे ओढलेलं होतं, आणि त्यावरचं गाठोडं खाली जमिनीवर नीट ठेवलेलं होतं, गाठ वर करून.

मी जिन्याशी जाऊन हाक मारली. "आई, टॅक्सी बोलवा."

माझ्या सासूबाई एरवी एका प्रश्नाला दहा प्रश्न विचारतील. त्या दिवशी त्यांनी एकही विचारला नाही. चप्पल न घालता खाली आल्या आणि रस्त्यात उभ्या राहिल्या. रुसलेला गुडघा कुठे गेला होता कोण जाणे.

दवाखान्यात गुणगुणबाईंनी मला ओळखलं. आडवं करून पडदा स्वतःकडे घेतला, सूर लावला, आणि लगेच पडदा माझ्याकडे फिरवला. "बाळ छान आहे हो. बघा, ठोका आहे."

"बाळाचं नाही विचारत," मी म्हणाले. "डावीकडे बघा. बाळ सोडून बाकी सगळं बघा."

गुणगुणबाईंनी तपासायचा दांडा पुन्हा पोटावर ठेवला आणि डावीकडे सरकवला. सूर चालू होता. थोडं आणखी खाली. थोडं आणखी आत.

सूर थांबला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. माणसं धावत आली. डॉक्टरीणबाई वाकून सांगत होत्या, की एक गर्भ पिशवीत आहे, बरोबर आहे, पण दुसरा एक पिशवीच्या डाव्या नळीत अडकला आहे, नळी फुटली आहे आणि पोटात रक्त साठलं आहे. ते रक्त आतून वर दाबतं आणि दुखतो मात्र खांदा. असे दोन एकदम फार क्वचित होतात, त्या म्हणाल्या. पिशवीतला सापडला, की दुसरा असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

"पिशवीतलं वाचेल?" मी विचारलं.

"आधी तुम्हाला वाचवू द्या."

वाचलं. दोघंही वाचलो. नळी गेली, बाळ राहिलं. ते बाळ आता वर बसून माझी खडूची पेटी संपवतंय आणि अभ्यास करते म्हणतंय.

ऑपरेशननंतर गुणगुणबाई मला वॉर्डात भेटायला आल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुमच्या बहिणीचं ऐकायला हवं होतं मी."

"माझ्या बहिणीचं?"

"निळ्या ड्रेसमधल्या. तुमच्या डोक्याशी उभ्या होत्या ना. मी तुम्हाला कागद देत होते तर म्हणाल्या, दुसरी बाजू राहिली. मला राग आला जरा. बाहेरच्यांनी आत यायचं नसतं, त्यात वर मला शिकवायचं. मी लक्ष दिलं नाही."

मी एकटी आले होते, हे त्यांना सांगितलं नाही. खांद्यावरचा तो हात नर्सचा असेल असं मी धरलं होतं, हेही नाही. पलीकडे फरशी पुसणारी म्हातारी आया मात्र पुसता पुसता थांबली होती. गुणगुणबाई गेल्यावर ती माझ्या पलंगाशी आली.

"पांढरी कॉलर होती का गं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"घरी पाठवली होती तिला. छान आहे म्हणून," आया म्हणाली. "मी लहान होते तेव्हा, नुकतीच कामाला लागले होते. दुसऱ्या दिवशी आणली, पण तोवर…" आणि तिने फडकं पिळलं आणि पुढची फरशी पुसायला घेतली.

मी त्या बाईला घाबरत नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर. तरीही इतकी वर्षं त्या पॅसेजमध्ये पाय ठेवला नव्हता. मागच्या आठवड्यात ठेवावा लागला. धाकट्या जावेला तिसरा महिना संपत आलाय, आणि बाळात काही दोष आहे का ते बघायची तपासणी होती. बाळाच्या मानेमागची जागा मोजतात, रक्त घेतात. ती आठवडाभर नीट झोपली नव्हती आणि दीर परगावी. मीच गेले बरोबर.

दवाखाना ओळखू येत नाही आता. बाकांच्या जागी रंगीत खुर्च्या, पॅसेजभर पांढरा लख्ख उजेड. गुणगुणबाई निवृत्त झाल्या. आत कोणी तरुण मुलगी आहे, ती गुणगुणत नाही, त्यामुळे बाहेर बसणाऱ्यांना कशाचाच अंदाज येत नाही. मी आल्या आल्या खिडकीजवळ पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. वास नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. जाऊ आत गेली तरी मी एकेका बाईचे कपडे बघत राहिले, पण सगळे आजचेच होते.

जाऊ बाहेर आली ती हसतच. मान ठीक, माप ठीक, रक्ताचं नंतर कळेल. मी तिला जवळ घेतलं. पुढचा नंबर एका कोवळ्या मुलीचा होता, ती नवऱ्याचा हात सोडून आत गेली. जाऊ दार धरून उभी होती. मुलगी आत गेली तरी ती दार धरून उभीच, आणखी कोणाला तरी जाऊ द्यावं तशी. मग तिने दार लोटलं.

"कोणासाठी धरलं होतंस?" मी विचारलं.

"त्या बाई गेल्या ना तिच्या मागून. आई असेल तिची. का हो, जाऊबाई?"

"कशा होत्या?"

"नीट पाहिलं नाही. ड्रेस मात्र कमरेत उसवलेला, जुने टाके सगळे दिसत होते. तुम्ही पाहिला असता तर नावं ठेवली असती." तिने पर्स खांद्याला लावली. "चला, घरी जाऊ. मला भूक लागलीय."

"थांब जरा," मी म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

फार वेळ लागला नाही. दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली, डोळे ओले, गाल लाल. एकटीच आली. नवरा उठून पुढे झाला. "ठोका दिसला," ती त्याला म्हणाली. "सगळं छान आहे म्हणाल्या. घरी जा म्हणाल्या."

मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. तिचा तो आनंद मोडावासा वाटत नव्हता, पण विचारायला तर हवंच होतं.

"बाळा, खांदा दुखतो का तुझा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. हसू अजून तोंडावर होतं, पण कमी कमी होत गेलं.

"आतल्या मावशी पण हेच विचारत होत्या," ती म्हणाली. "मी त्यांना नाही म्हटलं…"

आणि बोलता बोलता तिचा हात वर गेला आणि डावा खांदा चोळू लागला.